पाटल्या घालून फुगडी

पाटल्या घालून फुगडी घालायची, ही अक्कल ज्या घरात निघाली त्या घरात मी जन्मले. इतक्या वर्षांनी आठवलं तरी तोंड कडू होतं.

साता समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली आणि आमच्या काळ्या रानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा आला तसं शहाणपण गेलं. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या, बाबांच्या हुक्क्याला चांदी, पिकदाणीसुद्धा चांदीची. आपण थुंकलेलंही लोकांनी वाकून पाहावं, असं बाबांना वाटत असावं. अमरावतीचा एक सोनार आमच्या ओसरीवर मुक्कामालाच आला होता. गावोगावची माणसं त्याच्या डोक्यावर बसलेली, त्यामुळे घडवायचं आणि पुढच्या घरी पळायचं. कानस फिरवायला त्याला सवड नव्हती. माझ्या पाटल्यांचे कंगोरे तसेच धारदार राहिले. आईला त्यात काही वावगं दिसलं नाही. उन्हात जास्त चमकतात, म्हणाली.

मी उंच, हाडापेराने दणकट आणि नाचाच्या बाबतीत अगदी दगड. भुलाबाईच्या गाण्यांना मुली फेर धरायच्या, तिथे माझा पाय दुसरीच्या पायावर पडायचा. टिपऱ्या खेळायला गेले की शेजारणीची बोटं सुजायची. हळूहळू मुली माझ्या बाजूला उभ्याच राहीनात. मला ते फार लागायचं. नाचायची हौस होती, अंगात नुसतं भरून यायचं, आणि अंग काही ऐकायचं नाही.

आमच्या शेताला लागून एका माळ्याचा मळा होता. त्याची मुलगी माझ्याच वयाची, माझ्याच उंचीची, वांग्यांच्या पाट्या उचलून हात टणक झालेली. एकदा विहिरीपाशी तिने माझी मनगटं धरली आणि म्हणाली, "पाय जोड, मांगं झुक, अन् भेऊ नोको. मी हाय नं."

मी झुकले. माझं सगळं वजन तिने पेललं, तिचं मी पेललं आणि आम्ही गरगर फिरलो. बाकीच्या मुली फुगडीला तळहात धरायच्या. आम्ही एकमेकींची मनगटं धरायचो, त्यामुळे कितीही वेग आला तरी हात निसटायचे नाहीत. जन्मात पहिल्यांदा माझं अंग माझं झालं. फेर नको, टिपऱ्या नकोत, मला हवी होती ही फुगडी, आणि ती हिच्याचबरोबर. त्यानंतर जिथे जागा मिळेल तिथे आम्ही फिरायचो. पाहायला बायका काम टाकून यायच्या.

त्यांच्या तोंडून ही कीर्ती आईच्या कानी गेली, इथेच घात झाला.

अकोल्याहून मला पाहायला पाहुणे यायचे होते. त्यांचंही घर कापसावरच वर आलेलं. आईने त्यांना नागपंचमीचा दिवस दिला. पोरी खेळताना पाहिल्या की चाल आणि दम दोन्ही दिसतात, हा तिचा हिशोब. त्या दिवशी आमच्याकडे काही चिरायचं नाही, कापायचं नाही, जमीन खणायची नाही. नागाला इजा होते म्हणून आईने सकाळीच विळी उचलून माळ्यावर ठेवली होती. मग उकडलेले कानोले खाऊन झाल्यावर तिने माझ्या हातात त्या पाटल्या चढवल्या.

"माय, फुगडीले काढू दे. टोचतात," मी म्हणाले.

"काहून? लोकाईनं पाहाव्या म्हणूनच त घडवल्या," ती म्हणाली.

अंगणात मी आणि आईने बोलावून घेतलेली ती माळ्याची मुलगी समोरासमोर उभ्या राहिलो. तिने पाटल्यांकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे, आणि माझी मनगटं धरली. थोडं फिरलो तोच माझ्या हाताला काहीतरी ओलं, चिकट लागलं. तिच्या तळहातात कंगोरे शिरत होते.

"सोड," मी म्हणाले.

"सोडलं त तू पडशीन. पाव्हणे पाहून राहिले."

तिने पकड आणखी घट्ट केली. तोंड वेडंवाकडं झालं होतं तिचं, पण बोटं सुटली नाहीत. मी पाय ढिले सोडले आणि थांबत थांबत मुद्दाम धपकन खाली बसले.

"पोट्टीले दम नाई वाटते," मुलाची आत्या म्हणाली.

मुलाच्या बापाने तोंडातला विडा या गालातून त्या गालात घेतला. "पाटल्या मात्र भरीव हायेत," तो म्हणाला, आणि सगळे हसले. बाबा सगळ्यांत मोठ्याने हसले.

आई लगबगीने आली. माझं मनगट धरून तिने पदराने पाटली पुसली, कुठे वाकली तर नाही म्हणून उन्हात फिरवून पाहिली. ती मुलगी मूठ आवळून बाजूलाच उभी होती. मुठीतून सारवलेल्या अंगणात रक्त गळत होतं. आई तिला म्हणाली, "इथं नोको सांडू. आजच्या दिवशी रगत? जाय तिकडं, मळ्यात."

मला शिसारी आली. त्या हसण्याची, त्या विड्याच्या वासाची, आईच्या पदराची. संध्याकाळी सोयरीक पक्की झाली आणि रात्री आईने रिठ्याच्या पाण्यात पाटल्या घासघासून धुतल्या.

सकाळी मी मोकळ्या हातांनी मळ्यात गेले. ती डाव्या हाताने झेंडू खुडत होती. डाव्यावर नुसते ओरखडे होते, उजव्याला हळदीचं फडकं बांधलेलं. खोपटाच्या दोरीवर चोळीचा एक नवा कोरा खण लटकत होता.

"तुह्या मायनं धाडला," ती म्हणाली. "म्हने, कोनी इचारलं त मोटेचा नाडा हाताले लागला म्हनून सांगजो."

मी दोन्ही हात तिच्यापुढे केले. "पाह्य, आज हातात काईच नाई घातलं."

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मग उजवा हात उचलून बोटं मिटायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यावरच थांबली.

"मिटत नाई," ती म्हणाली. "अन् मिटला तरी नोको."

ती पुन्हा झेंडू खुडायला लागली. तुळशीचं लग्न लागलं, मग माझं, आणि मी अकोल्याला नांदायला गेले.

पुढे लढाई थांबली, भाव कोसळला, पाटल्या मोडीत गेल्या. सासरी दर नागपंचमीला नणंदा मला ओढून अंगणात नेतात, आता सुनाही नेतात. एवढा उंच बांधा, फुगडी किती शोभेल, म्हणतात. मी सांगते, मला फुगडी येत नाही. सगळ्यांना ते खरं वाटतं.