डाव्या गालातला चट्टा

सोफे आणि खुर्च्या मढवणाऱ्या मामांना कामाच्या वेळी बोलताना कुणी ऐकलं नसेल. चिमूटभर बारीक खिळे डाव्या गालात धरायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकाने उचलायचा आणि ठोकायचा. गिऱ्हाइकाने काही विचारलं तर उत्तर ‘हं’ किंवा ‘अंहं’.

काही महिन्यांपूर्वी त्याच गालात आतून एक चट्टा उठला. खिळा लागला असणार, असं मामांनी गृहीत धरलं आणि खिळे उजव्या गालात ठेवायला सुरुवात केली. आता डाव्या गालाला आराम मिळेल, आपोआप बरं होईल. पण चट्टा गेला नाही. दुखतही नव्हता, म्हणून मामींच्या कानावर घातला नाही. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला?

पुढे दाढ ठणकायला लागली आणि मामींनी त्यांना दाताच्या डॉक्टरकडे अक्षरशः ओढत नेलं. मामा तिथे पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. वाटेत मामी समजावत होत्या, की पहिल्या दिवशी कुणी दात उपटत नाही. काय औषधं घेता ते विचारतात, आरसा घालून बघतात, दाढेचा फोटो काढतात, झालं. “जगाच्या खुर्च्या धडधाकट करता, आता एका खुर्चीत जरा गप पडून राहा.”

मामी बाहेर बाकावर बसल्या. आत सगळं त्या म्हणाल्या तसंच घडत गेलं. डॉक्टर मुलगी लेकीच्या वयाची, हसरी. औषधं विचारून झाली, फोटो झाला, खुर्ची मागे कलली, दिवा तोंडावर आला. ती एकेका दाताचं मोठ्याने सांगत होती आणि मदतनीस बाई टिपून घेत होती. दाढ किडली आहे, वाचेल, असंही म्हणाली. मामांचा जीव भांड्यात पडला.

मग आरसा डाव्या गालाकडे वळला आणि तिचं बोलणं थांबलं.

तिने दिवा जवळ ओढला. बोटांनी गाल आतून-बाहेरून चाचपला. मग हात जबड्याखाली गेला, तिथून गळ्यावर. गळ्याचं मामी काही बोलल्या नव्हत्या. मदतनीस बाईने टिपणं थांबवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती.

“काका, हे कधीपासून?”

मामांनी खिळ्याची हकीकत सांगितली, गाल बदलल्याचंही सांगितलं. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “खिळ्याची जखम इतके महिने राहत नाही. दाढ नंतर बघू. उद्याच मोठ्या दवाखान्यात जा. याचा बारीकसा तुकडा काढून तपासावा लागेल. तोवर मी काहीच सांगू शकत नाही.”

आता ती हसत नव्हती.

“बरोबर कोण आलंय?”

“कुणी नाही,” मामा म्हणाले.

दाराच्या धुरकट काचेतून मामींची आकृती दिसत होती, मांडीवर पिशवी घेतलेली. डॉक्टरनेही तिकडे पाहिलं. मामा खुर्चीतून उतरले. पायांत चपला जाईनात. इतके महिने जे एकट्याने गालात लपवलं, ते आता त्यांना पेलवेना. त्यांनी दार अर्धवट उघडलं.

“अगं, जरा आत ये.”

मामी पिशवी सावरत उठल्या. “काय हो, दाढ काढणार म्हणतात की काय?”

मामांनी नकारार्थी मान हलवली. त्या आत आल्यावर डॉक्टरने दुसरी खुर्ची पुढे सरकवली आणि स्वतः जाऊन दार लावून घेतलं.