जाधवांचं घर भरेपर्यंत

हार्डवेअरच्या दुकानात न खपलेला माल साठतो, तसे किस्सेही साठतात. मालाला निदान गंज तरी चढतो. किश्शांना तोही नाही! ऐंशीनंतरची वाशी म्हणजे नव्या इमारती, मोकळे रस्ते आणि माझ्या दुकानापुढचं बाकडं. संध्याकाळी तिथे आम्ही तिघं. एक मी. दुसरा पांडूदादा, ज्याच्या भातशेतीवर ह्या इमारती उभ्या राहिल्या. आणि तिसरे जाधव, सरकारी कचेरीतले क्लार्क. समोरच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांना फ्लॅट लागला होता. बायको महाडकडच्या गावात शिक्षिका. बदलीचा अर्ज तीन वर्षं फिरत होता आणि जाधव दोन खोल्यांत एकटे!

*

पांडूदादा बाकड्याकडे कधी सरळ आलाच नाही. रस्ता सोडून सोसायटीच्या बागेतून, दोनदा वळून यायचा. एकदा वॉचमननं हटकलं, "ओ चाचा, रास्ता उधर है!"

दादा थांबलासुद्धा नाही. "बांदावरना चाललूय. उभ्या भातान पाय कसा देऊ?"

मी म्हटलं, "दादा, भात आहे कुठे आता?"

"तुला दिसत नाय, त्याला मी काय करू?" म्हणाला, आणि खुशीत विडी पेटवली.

*

जाधवांनी माझ्याकडून दाराची बेल नेली. चार दिवसांनी आले, जरा घुटमळले.

"शेठ, सहा वाजता वर येऊन बेल दाबाल?"

"का हो? बिघडली?"

"बिघडायला कुणी दाबली तर पाहिजे! मला आतून एकदा 'आलो, आलो' म्हणायचंय."

दुकान बंद करून गेलो. दाबली. आतून "आलो, आलो!" दार उघडलं, जाधवांचा चेहरा फुललेला. म्हणाले, "आणखी एकदा, प्लीज!"

*

मग कपडे वाळत घालायला तार न्यायला आले. चांगली लांब मागितली.

"दोन शर्टांना एवढी तार?"

"साडीला लागते ना."

बायकोची एक साडी मागे राहिली होती. हा गृहस्थ दर रविवारी ती धुऊन वाळत घालायचा! पांडूदादा ओरडायचा, "आरं जाधव, बायको येयाचे आदी फाटंल ती!"

शेजारणीनं एकदा विचारलं, "वहिनी आल्या वाटतं?"

"नाही," जाधव म्हणाले, "सध्या साडी पुढे पाठवलीय."

*

शेवटी बदली झाली. शाळा मिळाली उरणची! रोज एसटीनं जाऊन यायचं. मी हळहळलो, तर जाधव पेढ्यांचा पुडा पुढे करत म्हणाले, "शेठ, जाणार उरणला, पण येणार घरी ना!"

*

वहिनी रविवारी दुपारी आल्या. ट्रंक आम्हीच वर चढवली, चहा घेतला आणि शहाण्यासारखे लगेच उतरलो.

दिवेलागणीला बघतो तर जाधव बाकड्यावर हजर!

"अहो, आज तरी घरी बसा!" मी ओरडलो.

"भांडलास काय र पयल्याच दिवशी?" पांडूदादानं विचारलं.

"नाही हो दादा. तिला सांगूनच आलोय. थांबा जरा."

आम्ही थांबलो. थोड्या वेळानं तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत दिवा लागला.

जाधव बघत राहिले. मग म्हणाले, "रोज मीच वर जाऊन लावायचो. खालून कधी बघायलाच मिळाला नाही."