वृत्त ओळखणाऱ्या लायब्ररीची नवी आवृत्ती

शाळेत आम्ही कविता म्हणायचो तेव्हा गुरुजी बाकावर पट्टीने ताल धरायचे. ती टकटक अजून कानात आहे, मंडळी. त्याच नादात म्हातारपणी पायथन ही संगणकाची भाषा शिकलो आणि एक छोटी लायब्ररी, म्हणजे कुणालाही वापरता येईल असा प्रोग्राम, लिहिली. कवितेची ओळ दिली की ती वृत्त सांगते.

आमच्याच भागात, आवडी स्टेशनजवळ राहणाऱ्या सुमतीबाई तिच्या मदतीने दर रविवारी मुलांना मराठी कविता शिकवतात. आज सकाळी त्यांचा निरोप आला, "अप्पा, लायब्ररी चुकीचं वृत्त सांगतेय. संध्याकाळी वर्ग आहे, मुलांसमोर माझी फजिती नको!"

चूक दुरुस्त करून मी लगेच नवी आवृत्ती इंटरनेटवर चढवली. पुन्हा निरोप: "इथे आवृत्तीचा आकडा जुनाच दिसतोय. नवी आलीच नाही, शिकवू कशी?"

सुनेने पाहिलं आणि हसली. "अय्यो अप्पा! आकडा दोन ठिकाणी लिहिलाय. पॅकेजच्या फाइलीत बदललात, कोडमध्ये तसाच राहिला."

"मग तेवढं बदलून परत चढवतो."

"त्याच आकड्याने चढणार नाही, एकदा वापरला की संपला. पुढचा घ्या, आणि आता एकाच ठिकाणी लिहा."

तसं केलं. आता कोड पॅकेजलाच आकडा विचारतो. काय समाधान वाटलं म्हणून सांगू! सुमतीबाईंना कळवलं, पण तो निरोप त्यांनी अजून उघडलेला दिसत नाही. मंडळी, तुम्ही आकडा किती ठिकाणी लिहिता हो?

संध्याकाळी हे लिहितोय तोच घंटा वाजली. दारात सुमतीबाई, आणि मागे चपला काढणारी पाच-सहा मुलं.

"तुमचा आकडा काही बदलेना," त्या म्हणाल्या, "म्हणून वर्गच इकडे आणला."