गोपाळकाकांच्या बैठकीतली भुतं

भुतांच्या सिरियलचा विषय निघाला, की आमच्या आंजी गावच्या मंडळींना आवरणं कठीण. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसरा म्हणतो, "थांब, हे तं काहीच नाई!"

नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत रंगीत टीव्ही एकच, किराणावाल्या गोपाळकाकांकडे. सिरियल लागली, की सगळी गल्ली त्यांच्या बैठकीत!

*

माझी आई पूर्ण वेळ डोळ्यांवर पदर घेऊन बसायची. मी एकदा विचारलं, "आई, पाह्यचं नाई तं येतं काऊन?"

"मंग घरी एकटी राहू का? मले भेव नाई लागत?"

*

माझा मित्र सुधाकर स्वतःला लय डेअरिंगबाज समजायचा. एकदा सिरियलमधल्या विहिरीतून हात वर आला आणि नेमकी लाइन गेली, सगळीकडे अंधार. काय तो आरडाओरडा! लाइन आली, तेव्हा सुधाकर तुरीच्या पोत्यांमागे.

"भेला का बे?" मी विचारलं.

"नाई, चप्पल पाहून राह्यलो!"

दोन्ही चपला पायातच होत्या!

*

पुढं सुधाकर मास्तर झाला. तोवर सीडी आल्या होत्या. वर्ध्याहून त्यानं तीच सिरियल आणली. त्याची पोरगी पिंकी आधी खो-खो हसली. "बाबा, भुताच्या हातात घड्याळ हाये!"

अर्ध्या तासानं तिला बाथरूमला जायचं होतं. "बाबा, दाराबाहेर उभे राहा. अन् बोलत राहा!"

काय बोलणार? सुधाकर सतराचा पाढा म्हणू लागला. शेजारी ओरडला, "मास्तर, घरीबी शाळा?"

पिंकीनं पुढच्याच दिवशी दुसरी सीडी मागितली.

*

मग गोपाळकाकांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, "त्यांच्याशी बोलत राहा." शारदाकाकू रोज बोलायच्या. दुकानातलं सांगायच्या, गल्लीतलं सांगायच्या. दिवाळी गेली, संक्रांत गेली, काकांच्या तोंडून शब्द नाही.

एका रविवारी दुपारी मी भेटायला गेलो. काकांचा नातू अनिकेत आणि पिंकी, दोघं काकांच्या खाटेशी बसून सीडी पाहत होती. पडद्यावरची पोरगी बंद खोलीकडे निघाली. तिनं कडीला हात घातला. पिंकीनं कानात बोटं घातली.

खाटेवरून आवाज आला, "उ... उघडू नोको, पोरी!"

काकूंच्या हातातलं सूप खाली पडलं. तांदूळ घरभर. मी उठून उभाच राहिलो.

अनिकेतनं मान वळवली नाही. "आबा, चूप बसा ना! पाहू द्या!"

"चूप नोका बसू हो!" काकू रडत-हसत ओरडल्या. "अनिकेत, थो सीन मांगं घे! पुन्हा लाव!"