कोऱ्या पानावरच्या सह्या

विस्तारबाईंनी माझ्या थोबाडीत मारली तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो आणि ग्रामपंचायतीचा लिपिक म्हणून गावात मला थोडाफार मानही होता. मारायचं कारण एवढंच, की ग्रामसभा सुरू व्हायच्या आधीच मी प्रोसिडिंगच्या वहीत लोकांच्या सह्या घेऊन ठेवल्या होत्या. ठराव मागाहून वर लिहायचा, ही आमच्याकडची जुनी पद्धत. वाडीतल्या ठाकर आदिवासींना मजुरीचा टेंपो गाठायचा असे. सही केली की ते मोकळे. "कोऱ्या पानावर सही घेतोस?" बाई ओरडल्या. "त्यापरीस कोयता घे नि मान काप त्यांची!"

बाई पंचायत समितीत विस्तार अधिकारी होत्या, म्हणून हे नाव. निवृत्त झाल्यावर त्या लोधिवलीच्या घरातून स्कूटीवर निघायच्या आणि कर्जत-खालापुरातल्या ज्या पंचायतीचं, ज्या संस्थेचं काही अडलं असेल तिथे जाऊन बसायच्या. आराखडे करून द्यायच्या, अर्ज लिहून द्यायच्या, कायदा समजावून सांगायच्या. कोणी मानधनाचं पाकीट पुढे केलं की ते भिरकावून द्यायच्या. "मी नोकरीतून रिटायर झाले, गावातून नाय," म्हणायच्या.

त्यांचा सल्ला अंगावर यायचा. एका पंचायतीत सरपंचबाई दाराशी उभ्या आणि त्यांचा नवरा खुर्चीत. बाईंनी मागून खुर्ची अशी खेचली की गडी पाठीवर आपटला. "सरपंच ती हाय. तू चहा सांगून ये, जा रं." कोंडाणे गावाच्या बाजूला एक शहरी संस्था नळयोजनेचा नकाशा घेऊन आली होती. बाईंनी तिथल्या साहेबांच्या डोक्यावर भरलेला हंडा ठेवला आणि त्यांना चढण चढायला लावली. "टाकी कुठं पायजे ते आधी बायांना विचारा, मग नकाशा काढा." साहेब दोनदा पडले, गुडघे फोडून घेतले, पण टाकीची जागा बदलली. मला बाईंचा राग यायचा, धाकही वाटायचा. त्या आल्या की कामं मार्गी लागतात, हेही दिसायचं.

मार खाऊनही मी सुधारलो नाही. वर्षभराने आमचे सरपंच म्हणाले, "पाण्याच्या ठरावासाठी वाडीच्या सह्या घेऊन ठेव." मी घेतल्या. खाली सह्या आणि अंगठे, वर कोरं पान. मग त्या पानावर कोणीतरी लिहिलं, की वाडीमागच्या डोंगरात दगडखाण काढायला वाडीची संमती आहे. खाण झाली असती तर वाडीचा एकुलता एक झरा गेला असता आणि सुरुंगाचे दगड घरांवर आले असते.

ग्रामसभेत तो ठराव वाचला गेला तेव्हा वाडीतली हिरीबाई ताडकन उठली. "आमी पान्यासाठी सई केली. डोंगर कोनी दिला?" वाडीने विस्तारबाईंना बोलावून आणलं होतं. त्यांनी वही पाहिली आणि विचारलं, "या सह्या कोनी घेतल्या? तवा पान कोरं व्हतं का नाय, उठून सांगा." सह्यांपुढचे समासातले आकडे माझ्या हातचे आहेत हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी माझं नाव घेतलं नाही. दाराशी खाणवाल्याची माणसं उभी होती. मी बसून राहिलो.

शेवटी बाईंनी वही छातीशी धरली. "आता ही तहसीलदारांकडं जानार." पुढचं सगळं दोन मिनिटांत झालं. पहिला लोखंडी पाइप त्यांच्या खांद्यावर बसला, दुसरा उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बाई खाली कोसळल्या, तरी वही सोडेनात. मग एकाने बुटाने त्यांची बोटं चेचली. बाई शिव्या देत होत्या, हिरीबाईने खुर्ची उचलून एकाच्या डोक्यात घातली, सतरंजीवर रक्त सांडलं होतं. वही घेऊन ते पळाले.

आता वाडीबाहेरचा पुरावा म्हणून एकटा मीच उरलो होतो. तिसऱ्या दिवशी मी तहसीलदारांपुढे लेखी जबाब दिला. माझी मोटरसायकल जाळली, घराची कौलं फोडली, नोकरीही गेली. पण खाण रद्द झाली. बाईंच्या हातात सळ्या घातल्या, बोटं मात्र कायमची वाकडी राहिली. पुढे त्या अर्ज तोंडी सांगायच्या आणि मी लिहायचो. ग्रामसभेतल्या त्या प्रश्नाबद्दल त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही.

वाडीने माझा सत्कार ठेवला. हिरीबाई नारळ घेऊन पुढे आली, आणि माझा हात काही पुढे होईना. समोर पहिल्या रांगेत बाई बसल्या होत्या, उजवा हात पदराखाली. "घे रं," त्या म्हणाल्या. "लोकं खोळंबलीत."

मी नारळ घेतला. टाळ्या वाजल्या. त्या दिवशी बाईंनी विचारताक्षणी मी उठलो असतो, तर त्यांना वही उचलावीच लागली नसती. हे त्यांना एकदा सांगायचं होतं. गेल्या वर्षी बाई गेल्या, आणि तोवरही मी उठून ते सांगितलं नव्हतं.