कंपनीचा कावळा

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी पोस्टाने एक पुस्तक आलं. गुळगुळीत कागदाचं, पाट्याएवढं जड. घर सजवा, ताट सजवा, स्वतःला सजवा, असं दिवसभर सांगणारी एक केबलवरची वाहिनी आहे, तिच्या कंपनीचा हा इतिहास. कुजक्या सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, टोपलीने कधी आली नाही एवढी शिसारी मला त्या पुस्तकाने आली.

इतिहास तसा एवढासाच. पहिला मालक प्लॅस्टिकच्या खुर्च्या विकायचा. त्याने मुंबईत दोन खोल्या घेऊन वाहिनी काढली. जमेना तेव्हा बिल्डरला विकली, बिल्डरने ती परदेशी कंपनीच्या गळ्यात घातली. दर खेपेला नाव बदललं, चिन्ह बदललं, जुनी माणसं घरी पाठवली. पुस्तकात या विकाविकीला 'प्रवास' म्हटलंय. तिन्ही मालकांनी मिळून एकच गोष्ट जपली, ती म्हणजे एक कावळा. मुखपृष्ठावर तोच आहे, चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर बसलेला, पुढ्यात केळीचं पान. या दृश्याने कंपनीला घरोघरी पोचवलं, असं आत लिहिलंय. तो गडगा आमचा, आणि ते पान माझ्या बाबांचं.

बाबांची छोटी होडी होती. ते तापाने गेले, आणि पुढच्या वर्षी पितृपक्षात त्यांचा पहिला म्हाळ होता. नेमकी तेव्हा या वाहिनीची टोळी मालवणात माशांच्या पाककृती चित्रित करायला उतरली होती. कुणीतरी त्यांना म्हाळाचं सांगितलं असणार. त्यांचा दिग्दर्शक काळा चष्मा कपाळावर चढवून आमच्या अंगणात आला आणि आईला म्हणाला, "काकू, काकांचा फोटो आम्ही टीव्हीवर दाखवू."

आई एवढ्यावरच विरघळली. बाबांचा फोटो घराबाहेर कुणी बघितलाच नव्हता. "तेंका सगळी बघतली," ती मला म्हणाली. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलो, पण आईला बऱ्याच दिवसांनी हसताना बघून गप्प बसलो.

म्हाळाच्या दिवशी वडे झाले, काळ्या वाटाण्याचं सांबारं झालं, खीर झाली. मी पान गडग्यावर नेऊन ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय आमच्यात कोणी जेवत नाही. पण कावळा येणार कसा? अंगणात चंदेरी पत्रे, दिवे, वायरी आणि सिगरेटी ओढणारी माणसं. माडावर बसून कावळे नुसते खाली बघत होते. दुपार कलली. जेवायला आलेले शेजारी ओटीवर ताटकळले. दिग्दर्शक घड्याळ बघून शिव्या घालत होता, त्याही इंग्रजीत.

अशा वेळी आपल्याकडे करतात तेच आईने केलं. गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलं असेल, म्हणून ती गडग्यापाशी गेली आणि हात जोडून बाबांशीच बोलली. "येवा वो, जेवा. आज बांगडो नाय मेळाचो, आज म्हाळ आसा. उद्या तुमका बांगड्याची कढी करतंय. आता येवा."

दिग्दर्शकाने त्यातलं एकच ऐकलं. त्यांच्या गाडीत बर्फाच्या पेटीत दुसऱ्या दिवशीच्या चित्रणासाठी मासे होते. आई पदराने डोळे पुसत घरात वळली, तेवढ्यात त्याच्या माणसाने एक ताजा बांगडा आणून पानावर ठेवला. वड्यांच्या शेजारी, खिरीत शेपटी बुडवून! मी ओरडत धावलो. दिग्दर्शकाने माझा दंड धरला. "अहो, काकांच्या आवडीचंच आहे ना?"

मी हात सोडवेपर्यंत कावळा उतरला होता. दिमाखात गडग्यावर बसला, बांगडा चोचीत धरला आणि माडावर गेला. बाकीच्या पानाला त्याने ढुंकून पाहिलं नाही. अंगणात टाळ्या पडल्या. कुणाच्या बापाच्या पानावर मासळी टाकून टाळ्या पिटणारी ती माणसं जगाला राहणीमान शिकवतात!

"कावळो शिवलो, जेवा आता," ओटीवरून माझे काका म्हणाले. उपाशी शेजाऱ्यांचीही तीच इच्छा होती. आई दारात उभी राहून सगळं बघत होती. ती शांतपणे म्हणाली, "तो बांगड्याक शिवलो. पानाक खंय शिवलो?"

ती त्या दिवशी जेवली नाही. कार्यक्रम लागला तेव्हा बांगडा शिताफीने कापून टाकलेला होता. दिसला तो फक्त पानावर झुकलेला कावळा, आणि मागे सनई. बाबांचा फोटो दाखवलाच नाही.

तेव्हापासून आई म्हाळाला दोन पानं ठेवते. एक चालू वर्षाचं, एक त्या वर्षाचं. भटजींनी शास्त्र सांगून बघितलं, काकांनी चिडून बघितलं. ती बधली नाही.

पुस्तकाच्या पाठोपाठ त्याच कंपनीचा एक गुळगुळीत तरुण आला, नेमका म्हाळाच्या दिवशी. वर्धापनदिनासाठी 'तेच घर, तोच कावळा' असं काहीतरी त्यांना हवं होतं. गडग्यावरची दोन पानं बघून तो खूश झाला. दोन पानं कॅमेऱ्यात अधिक छान दिसतील म्हणाला.

आईने त्याला विचारलं, "बापूस आसा तुझो?"

"हो, आहेत की."

"बरां. शंबर वर्सां जगांदे. मगे त्येच्या पानार काय ठेवतलंस? बांगडो काय सुरमय?"

तो कसनुसा हसला आणि चपला घालून निघून गेला. त्याची गाडी वळणाआड गेल्यावर कावळा आला. एका पानावरचा वडा त्याने उचलला, थोडा सांडला, उडाला. दुसरं पान तसंच राहिलं. आई संध्याकाळपर्यंत ओटीवर बसून त्याच्याकडे बघत होती. मग उठली आणि मला म्हणाली, "ह्या वर्साचां पावलां. त्या वर्साचां ऱ्हवलां तां ऱ्हवलांच."