नाव नसलेलं माप

"माप तोंडानं सांगाचं नसते, भाऊ."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रागच आला होता. शाळा सुरू होण्याचे दिवस होते. समोर बाईंच्या शिलाईच्या दुकानापुढे गणवेशासाठी पोरींची रांग लागली होती आणि माझ्या दुकानात चिटपाखरू नव्हतं. शेजारधर्म म्हणून मी म्हणालो, "बाई, तुमी आकडे सांगत जा, मी वहीत लिहून घेतो. लवकर होईन." बाईंनी गळ्यातली टेप दोन्ही हातांनी ओढून धरली, ते वाक्य म्हटलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप माझ्या खुर्चीवर परत आलो.

तुम्हीही असे शिंपी पाहिले असतील, जे छाती-कंबरेचे आकडे मोठ्यानं पुकारतात आणि पलीकडे कोणीतरी लिहून घेतं. पोरगी बिचारी मान खाली घालून उभी. बाईंचं तसं नव्हतं. पडद्याआड माप घ्यायचं, टेपवर आकड्याच्या जागी अंगठा दाबून धरायचा, तीन पावलं चालत वहीपाशी यायचं, लिहायचं, परत पडद्याआड जायचं. एका पोरीमागे आठ खेपा. ही एवढी लपवालपवी कशासाठी, असा प्रश्न मला पडायचा.

मला प्रश्न पडतातच. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म आणि तक्रारअर्ज हा माझा धंदा. आमच्या पवनीतल्या एकाच माणसाच्या तीन-तीन जन्मतारखा मी पाहिल्या आहेत. आधी संशय घ्यायचा आणि मग फॉर्म भरायचा, ही सवय हाडात मुरली. माझी बायको म्हणते, वरणात मीठ जास्त झालं तरी ह्यायले चौकशी समिती लागते.

बाई पन्नाशीच्या पुढच्या. ठेंगण्या, पोट सुटलेल्या, आणि मशीनवर एका बाजूला झुकून बसण्याच्या सवयीनं डावा खांदा कायमचा खाली आलेला. रस्त्यानं चालल्या की त्या बाजूला अदृश्य पिशवी धरल्यासारखं वाटे. रविवारी पांढरी साडी नेसून विहारात जात, तेव्हाही तो खांदा तसाच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गावातल्या दोन पिढ्यांच्या पोरींची मापं मात्र त्यांच्या वहीत होती.

दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे आमच्याकडच्या जत्रांचे, दिवस आले की गावोगावी नाटकं लागतात आणि नाटकवाले कपडे शिवायला बाईंकडे येत. एकदा एका कंपनीचा माणूस नाचणाऱ्या मुलीचं ब्लाऊज घेऊन आला. गळा आणखी चार बोटं खाली घ्या, पाठ सगळी उघडी पाहिजे, असं सांगून गेला. बाईंनी मुकाट्यानं शिवून दिलं. मी मनात म्हटलं, पाहा, पोरींचं माप लपवणारी बाई आणि कात्री कुठे चालवते! पुढे कळलं की त्यांनी आतून अंगाच्या रंगाचं अस्तर लावलं होतं, पार गळ्यापर्यंत. मंचापुढच्या माणसाला पाठ उघडी दिसायची आणि मुलगी पुरती झाकलेली असायची. ती मुलगी पेढे घेऊन आली होती.

मी विचारलं तर बाई म्हणाल्या, "त्याले पाहाचं होतं, त्याले दिसलं. तिले झाकाचं होतं, तिचं झाकलं. माहं काय गेलं जी?"

मला तेही आवडलं नाही. ही बाई दोन्हीकडून खेळते, असं मी घरी सांगितलं.

मग बाईंच्या शेजारच्या रिकाम्या गाळ्यात प्रणाली आली. गावातलीच मुलगी, पुण्याला गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. वडील आजारी पडले म्हणून परतली आणि इथे व्हीआर गेमचं दुकान टाकून बसली. डोळ्यांवर एक काळा डबा बांधायचा, हातांत दोन मुठी धरायच्या आणि चार भिंतींत हवेवर तलवार चालवायची. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, याच्या अंगावर गांधीलमाश्या आल्या आहेत.

दारात तिनं माणसाच्या उंचीचं पोस्टर लावलं. त्यात दोघं लढवय्ये होते. पुरुष गळ्यापासून घोट्यापर्यंत चिलखतात. बाईच्या हातात भाला, डोक्यावर लोखंडी टोप, आणि बाकी अंगावर जे काही होतं ते माझ्या रुमालात बांधता आलं असतं. कोणीतरी लाज वाटून तिच्यावर वर्तमानपत्र चिकटवलं. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्र उचलून पाहणाऱ्यांची गर्दी वाढली.

समाजमंदिरात बैठक झाली. दुकान बंद करण्याचा अर्ज मीच टाइप करून नेला होता. एक ज्येष्ठ गृहस्थ संस्कृतीवर बराच वेळ बोलले. कॉलेजातले एक प्राध्यापक म्हणाले की हा खेळ आहे, ती काही खरी बाई नाही, चित्राला कसली अब्रू? त्यावर बायकांत कुजबुज सुरू झाली. मागच्या रांगेतून बाई उभ्या राहिल्या.

"चित्र हाय तर कोणी काढलं असनच ना सर? त्यानं हे माप कोठून आणलं?"

बाई पुढे म्हणाल्या, "अन् त्या माणसाले थंडी वाजते, हिले नाही वाजत का जी? हे लढाले चालली का तलावात पोहाले?"

सगळं समाजमंदिर हसलं. मीही हसलो आणि लगेच अर्ज त्यांच्यापुढे धरला. बाईंनी तो परत केला. "पाहिल्याबिगर मी सही नाही करत."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या खरंच प्रणालीकडे गेल्या. आम्ही चार-पाच जण दारात उभे. डबा बांधल्यावर बाई आधी दोन पावलं मागे सरकल्या, मग पुढे झाल्या, आणि गळ्यातली टेप काढून हवेत धरली. कोणाच्या तरी खांद्यापासून कमरेपर्यंत, मग काखेखालून. आमची हसून पुरेवाट झाली. डबा काढला तेव्हा बाईंच्या तोंडावर हसू नव्हतं.

"हिले पोट हाय का नाही, प्रणाली? इतक्याशा कमरेत श्वास मावते कोठी? अन् हात वर केला का हे लोखंड हिच्याच काखेत घुसते. तुमी हिले लढाले नाही, मराले धाडून राहिले."

प्रणाली ओशाळून म्हणाली, "मावशी, मी नाही बनवली हे. खेळ विकत आणला."

"मंग आपल्याले दुसरी बनवता येते का?"

सही त्यांनी केली नाहीच. उलट रोज दुपारी पडदा ओढून त्या शेजारच्या गाळ्यात जायला लागल्या. काखेत कटिंगचे खाकी कागद असायचे. दार लावलेलं, कारण आत एसी. मी समोरून पाहतच होतो. दोन वाजता जाणं, चारला येणं. ज्या दुकानाविरुद्ध गाव अर्ज करतं तिथे या बाईचं काय काम, तुम्हीच सांगा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांच्या जाण्याच्या दिवसांवर खुणा करायला सुरुवात केली. या गोष्टीची आज मला लाज वाटते, पण केलं ते सांगतो आहे.

एक दिवस लाइट गेल्याचं निमित्त करून मी ते दार ढकललं. लाइट गेली नव्हती. कॉम्प्युटरवर एक राखाडी पुतळा होता, कापडाच्या दुकानात असतो तसा, बिनचेहऱ्याचा. बाजूला आकडे. प्रणाली टाइप करत होती आणि टेबलावर बाईंची वही उघडी होती. पानाच्या वरच्या बाजूला ठळक अक्षरांत नाव होतं. सायली, नर्सिंग पहिलं वर्ष.

सायली माझी मुलगी.

मी तसाच बाहेर पडलो. माझ्या पोरीचं अंग मोजून ही बाई त्या खेळात घालते आहे, उद्या गावातला कोणीही डबा लावून तिच्याकडे पाहणार, हे एवढंच डोक्यात होतं. मी त्यांना तिथेच विचारू शकलो असतो. त्याऐवजी मी चहाच्या टपरीवर सांगितलं. शाळेत जाऊन सांगितलं. बँकेच्या रांगेत सांगितलं. "माझ्याच पोरीचं माप, या डोळ्यानं पाहिलं," असं छाती ठोकून सांगितलं.

आठ दिवसांत बाईंच्या दारातली रांग संपली. शाळेनं गणवेश भंडाऱ्याहून तयार मागवले. आया आपल्या लेकींचं अर्धवट शिवलेलं कापड परत घेऊन गेल्या. बाई रिकाम्या मशीनवर बसून राहायच्या आणि पायपट्टी उगीच हलवायच्या.

मग एका सकाळी त्या माझ्या काउंटरपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, वही पाहिली तुमी?"

"पाहिली."

"नाव पाहिलं. माप पाहिलं का?"

"नाव मोठं लिहिलं होतं बाई. मले वाचता येते." माझा आवाज चढला. "माह्या पोरीचं नव्हतं तर कोणाचं होतं? सांगा ना. चार लोकांपुढं सांगा, मी माफी मागतो."

बाईंनी गळ्यातली टेप धरली. काहीतरी ओठांवर आलं होतं, हे मी पाहिलं. मग त्यांनी तेच वाक्य म्हटलं.

"माप तोंडानं सांगाचं नसते, भाऊ."

आणि गेल्या. मी त्याचा अर्थ कबुली असा लावला आणि तीही गावात पोचवली.

महिन्याभरात त्यांनी दुकान आवरलं. कोंढ्याला थोरली बहीण होती, तिच्याकडे जायचं ठरलं. जाण्याआधी त्यांनी एक काम केलं, जे मी दुसऱ्या कुठल्या शिंप्यानं केल्याचं ऐकलं नाही. वहीतली पानं एकेक करून सोडवली, प्रत्येकाची चौपदरी घडी केली, कडेनं कच्चा टाका घातला, म्हणजे वाटेत कोणी उघडून वाचू नये, आणि ज्या पोरीचं माप, तिच्या घरी ते पान स्वतः नेऊन दिलं. ज्या घरांनी कापड परत नेलं होतं, त्या घरीही.

आमच्याकडे आल्या तेव्हा मी दुकानात होतो. घरी गेलो तर सायली टाका उसवून पान घेऊन बसलेली. पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती. तिनं पान माझ्यापुढे धरलं नाही, नुसतं दुरून दाखवलं. वरच्या अर्ध्यात तिचं नाव आणि तिचं माप. खालच्या रिकाम्या अर्ध्यात आणखी एक माप, ताज्या शाईत. त्याला नाव नव्हतं.

"हे खालचं त्या खेळासाठी दिलं होतं," सायली म्हणाली. "मावशीचं सोताचं हाय. दुसऱ्या कोणाचं द्याचा मले हक नाही म्हणे."

"कशावरून?" मी विचारलं.

ती उठून उभी राहिली. "बाबा, कॉलेजातले पोट्टे मले विचारतात, त्या खेळात तू कोणती? मावशीनं माहं माप कोणालेच नाही सांगितलं. नाव तुमी सांगत फिरले गावभर."

मी जेवलो नाही. पण संशय असा चिवट की दुसऱ्या दिवशी दुपारी, बाई सकाळच्या बसनं कोंढ्याला गेल्यावर, मी खात्री करायला प्रणालीकडे गेलो. तिनं मला बसा म्हटलं नाही. डबा आणून डोळ्यांवर बांधला.

मी एका मोकळ्या मैदानात होतो आणि समोर ती उभी होती. हातात भाला. चिलखत गळ्यापासून पायापर्यंत, काखेत कापडाची तिकोनी कळी जोडलेली, म्हणजे हात वर केला तरी टोचू नये. कंबर बाईमाणसाची असते तशी, पोट चांगलं पुढे आलेलं. ते पोट वरखाली होत होतं. चेहरा कोणा दुसऱ्याच तरुण बाईचा होता. मी सुटकेचा श्वास सोडणार तेवढ्यात ती माझ्याकडे वळून दोन पावलं चालली, आणि मला तिचा डावा खांदा दिसला. उजव्यापेक्षा दोन बोटं खाली. अदृश्य पिशवी धरल्यासारखा.

साऱ्या गावाला पोरींचं माप कळू नये म्हणून आठ-आठ खेपा घालणाऱ्या बाईनं आपलं सुटलेलं पोट, आपला मोडका खांदा साऱ्या गावापुढे उभा केला होता. आणि माझ्यापुढे उभं राहून फक्त "माझं होतं" एवढंच म्हटलं असतं तर दुकान वाचलं असतं. त्यांनी ते माझ्या पोरीच्या हातात कागदावर ठेवलं, माझ्यापुढे तोंडानं नाही सांगितलं.

माझे डोळे भरून आले आणि डब्याच्या काचा धुकटल्या.

"बाई, चुकलं माहं," मी मोठ्यानं म्हणालो. मागे रांगेत बसलेली पोरं हसली.

"काका," प्रणालीचा आवाज कुठूनतरी लांबून आला, "त्या खेळातल्या बाईले ऐकू नाही येत. कोंढ्याची पुढची बस साडेचारले हाय."

"किती वाजले?"

"चार."

मी हो म्हणालो. कोंढा काही लांब नाही. पण डबा काढायला माझा हात वर गेला नाही. समोर ती उभी होती, एक खांदा खाली, काही न सांगता, पोटभर श्वास घेत.